अजून फक्त दोन हजार : साठ हजारातल्या गेमिंग पीसीची गोष्ट

जून २०२३ मध्ये वहीच्या मागच्या पानावर गेमिंग पीसीच्या पार्टची पहिली यादी लिहिली तेव्हा टोटल आली होती ५४ हजार, आणि सप्टेंबरपर्यंत एक स्क्रू पण विकत न घेता तीच यादी ८८ हजारावर गेली. पगार तोच, घर तेच, खेळायचे गेमही तेच. फक्त रोज रात्री जेवण झालं की व्हिडिओ बघत बसायचो आणि प्रत्येक व्हिडिओवाला शेवटी सांगायचा की अजून फक्त दोन हजार टाका आणि याच्या वरचं घ्या. मी टाकत गेलो, वहीतच टाकायचे होते ना, वहीत टाकायला काय जातंय.

प्रोसेसर रायझन ५ ५६०० वरून त्याच्या वरच्या ५७००एक्स वर गेलो, मग कोणी म्हणालं एएम४ सॉकेट, म्हणजे मदरबोर्डवर प्रोसेसर बसतो ती जागा, आता संपलं, २०२२ मध्ये एएम५ आलंय तर जुन्यात कशाला पैसे घालतोस. एएम५ म्हणजे बोर्ड महाग, त्याला नव्या पिढीची डीडीआर५ रॅमच लागते, ती पण महाग. मग एवढा भारी प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड आरएक्स ६६००? शोभत नाही. नुकतंच आलेलं आरटीएक्स ४०६० घ्यायचं, ते तीस हजाराच्या आसपास, मग एसएमपीएस, म्हणजे सगळ्या पार्टना वीज देणारं युनिट, तो पण जरा मोठा बघू, आणि एवढं सगळं घेऊन साधा काळा डबा कुठे घेणार म्हणून काचेची, लायटिंगवाली कॅबिनेट. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. कोंबडी पण अजून आणली नव्हती.

मी नाशिकला राहतो, अंबडला सीएनसी मशीनवर काम करतो. तोपर्यंत गेमिंग म्हणजे दादाचा जुना लॅपटॉप, ज्यावर व्हॅलोरंट हा गोळीबाराचा ऑनलाइन गेम लावला की फॅन पिठाच्या गिरणीसारखा ओरडायचा आणि गेममध्ये कोणी स्मोक म्हणजे धूर टाकला की चित्र अडकायचं. कळायचं तेव्हा मी मेलेलो असायचो.

आधी इथल्याच एका दुकानात विचारून आलो होतो. तो म्हणाला भाऊ कशाला एवढं डोकं लावता, आय७ देतो, १६ जीबी रॅम, ४ जीबी ग्राफिक कार्ड, बावीस हजारात सगळं असेंबल करून. ऐकायला किती गोड. घरी येऊन बघितलं तर आय७ होता ३७७०, म्हणजे २०१२ चा, आणि ४ जीबी ग्राफिक म्हणजे जीटी ७३०, त्यात जुनी, हळू डीडीआर३ मेमरी. कार्डवरच्या जीबीचा आकडा बघून फसणारे माझ्यासारखे भरपूर असतात, पण ती मेमरी किती वेगाची आहे आणि मुळात चिप कोणती आहे हे न बघता जीबी बघणं म्हणजे पाण्याची टाकी मोठी घेऊन नळ अर्ध्या इंची ठेवण्यासारखं आहे.

८८ हजाराच्या यादीचा फोटो मी ठाण्याच्या मामेभावाला पाठवला, तो एडिटिंगचं काम करतो, स्वतःचे दोन पीसी त्याने स्वतः जोडलेत. त्याचा रिप्लाय एवढाच, "मॉनिटर कुठंय?"

मॉनिटर नव्हताच. खरंच सांगतो, तीन महिन्यात मी मॉनिटर लिहिलाच नव्हता. कीबोर्ड माउस होते घरात पण स्क्रीन लॅपटॉपचीच, ती तर पीसीला लावता येत नाही. मग त्याने फोन केला आणि म्हणाला की उलटं चालू कर. आधी सांग काय खेळतोस. म्हटलं रोज व्हॅलोरंट, कधी जीटीए ५, आणि रेड डेड २ आणि सायबरपंक एकदा खेळायचंय. म्हणे मग फुल एचडी म्हणजे १०८० पी चा, सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारा म्हणजे १४४ हर्ट्झचा २४ इंची मॉनिटर घे, आणि त्या मॉनिटरला जेवढं लागतं तेवढंच कार्ड, त्या कार्डाला जेवढा लागतो तेवढा प्रोसेसर, त्याच्या वर एक रुपया घालायचा नाही. त्याच्या वरच्या १४४० पी वर खेळणार नाहीस तर त्याचे आकडे बघतोस कशाला.

ही पद्धत एकदा डोक्यात बसल्यावर अर्ध्याच्या वर यादी आपोआप खाली आली. व्हॅलोरंटला कार्ड फार लागतच नाही, तो जास्त करून प्रोसेसरवर चालतो, आणि सहा कोर बारा थ्रेडचा ५६०० त्याला सेकंदाला दोनशेच्या वर फ्रेम, म्हणजे चित्रं, आरामात देतो. मोठ्या गेमसाठी आरएक्स ६६००, ८ जीबीचं, १०८० पी साठीच बनवलेलं कार्ड. त्याच भावात आरटीएक्स ३०५० पण मिळत होतं आणि दुकानदार तेच पुढे करतात कारण गिऱ्हाईक नाव ओळखतं, खऱ्यासारखा उजेड-सावली दाखवणारं रे ट्रेसिंग आहे, लहान चित्र मोठं करून फ्रेम वाढवणारं डीएलएसएस आहे. पण साध्या फ्रेमच्या हिशोबात ६६०० सरळ पुढे आहे आणि या किमतीच्या कार्डात रे ट्रेसिंग चालू केलं की फोटो काढून परत बंदच करावं लागतं. डीएलएसएस चांगलं आहे हे मान्य, पण मला त्याच्याशिवायच्या फ्रेम हव्या होत्या.

सेकंडहँडचा पण विचार केला. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या क्रिप्टो चलनाचं मायनिंग, म्हणजे ग्राफिक कार्डावर हिशोब चालवून नाणी कमावणं, बंद झालं तेव्हापासून बाजारात मायनिंगमधली कार्ड ढिगाने आली होती. आरएक्स ५८० सहा-सात हजारात. एकाला म्हटलं समोर चालवून दाखव, तर म्हणे आत्ता पीसी नाहीये, तुम्ही न्या, चालतंय. दुसऱ्याकडचं ५८० नीट वाचलं तर २०४८एसपी निघालं, नाव ५८० पण आतली चिप कापलेली, आत २०४८ छोटे कोर, खऱ्या ५८० मध्ये २३०४ असतात. दोन ठिकाणी असं झाल्यावर मी तो नाद सोडला. सेकंडहँड वाईट नसतं, पण आपल्याला तपासता येत नसेल तर ते स्वस्त पण नसतं.

बोर्डावर सगळ्यात जास्त घोळ घातला. बी५५० चिपसेटचा घेतला तर बी४५० पेक्षा तीन हजार जास्त. फरक काय तर बी५५० वर पीसीआयई ४, म्हणजे कार्ड आणि बोर्डमधला जास्त वेगाचा रस्ता, मिळतो, बी४५० वर ३. आता आरएक्स ६६०० आठच लेन वापरतं, त्यामुळे ३ वर लावलं की थोडं नुकसान होतं, पण ८ जीबी मेमरी असल्याने बहुतेक गेममध्ये ते जाणवण्यासारखं नाही. ४ जीबीचं ६५०० एक्सटी असतं तर गोष्ट वेगळी, त्याला चारच लेन आहेत, ते जुन्या बोर्डवर फार मार खातं. म्हणून बी४५० ठरवला. त्यात एक गोम आहे, हा चिपसेट २०१८ चा आणि प्रोसेसर २०२२ चा, बायोस, म्हणजे बोर्डातलं सुरुवातीचं सॉफ्टवेअर, जुना असेल तर प्रोसेसर ओळखतच नाही, नुसता काळा स्क्रीन. खोक्यावर रायझन ५००० रेडी असं लिहिलेलं बघूनच घ्यायचं नाहीतर दुकानातूनच बायोस अपडेट करून घ्यायचा.

एसएमपीएसमध्ये मी स्वतः हिशोब केला. कार्ड १३२ वॅट, प्रोसेसर ६५ चा म्हणतात पण ताणला की ७६ पर्यंत जातो, बाकी बोर्ड, पंखे, एसएसडी धरून तीनशेच्या आत. ५५० वॅट, ८० प्लस ब्राँझ बास झालं. पण ते चांगल्या कंपनीचंच. ८० प्लस हे फक्त वीज किती वाया जात नाही त्याचं सर्टिफिकेट आहे, आतला माल कसा आहे ते त्यावरून कळत नाही. कॅबिनेटसोबत फुकट येणारा एसएमपीएस मी फुकटही घेणार नाही, कारण तो जाताना एकटा जात नाही.

दिवाळी झाल्यावर एका शनिवारी सुट्टी टाकून पंचवटी एक्सप्रेसने मुंबईला गेलो, दादरला उतरून लोकलने ग्रँट रोड आणि तिथून चालत लॅमिंग्टन रोड, कॉम्प्युटर पार्टचा बाजार. ऑनलाइन पण भाव बघून ठेवले होते आणि ते स्क्रीनशॉट खूप कामाला आले. चार दुकानं फिरलो. एका ठिकाणी म्हणाले बिल नको असेल तर कमी करून देतो. १८ टक्के जीएसटी वाचतोय म्हटल्यावर मन झालं होतं हे कबूल करतो, पण वॉरंटी तीन वर्षांची, उद्या कार्ड गेलं तर सर्व्हिस सेंटरवाला आधी बिल मागणार. बिलावर सिरीयल नंबर लिहून घेतले, प्रत्येक खोक्यावरच्या नंबरशी जुळवून.

शेवटी असं बसलं : प्रोसेसर ११,९००, बोर्ड ५,८००, आठ-आठच्या दोन काड्या रॅम ३,३००, ५०० जीबीची एनव्हीएमई एसएसडी डिस्क २,४००, कार्ड १९,८००, एसएमपीएस ३,९००, कॅबिनेट ३,०००, मॉनिटर १०,५००. टोटल ६०,६००. एक टीबी घ्यायचं होतं पण १,८०० जास्त होते आणि त्या दिवशी मी हट्टाला पेटलो होतो की आता दोन हजार पण वाढवायचे नाहीत. नेमका तिथेच चुकलो, तीन मोठे गेम टाकले की डिस्क भरते, एक काढायचा तेव्हा दुसरा टाकायचा. आणि रॅमचं म्हणाल तर एआयच्या डेटा सेंटरपायी पुढे मेमरीचे जे भाव वाढले ते बघून ३,३०० चं बिल मी जपून ठेवलंय.

परत येताना कॅबिनेटचं खोकं मांडीवर, मॉनिटर पायात, कार्ड पोटाशी सॅकमध्ये. शेजारच्या काकांनी इगतपुरीपर्यंत धीर धरला आणि मग विचारलं टीव्ही आहे का.

जोडायचं मीच ठरवलेलं. दुकानवाला आठशे मागत होता, आणि आपण दिवसभर मशीनवर काम करतो मग एवढं काय. प्रोसेसर बसवला, तो सोपा. सोबत आलेला कूलर बसवायला बोर्डवरचे दोन प्लास्टिकचे ब्रॅकेट काढावे लागतात हे माहीत होतं, पण ते काढले की मागची लोखंडी प्लेट सुटून खाली पडते हे कोणी सांगितलं नव्हतं. एका हाताने प्लेट मागून धरायची, दुसऱ्याने कूलर, आणि तिसऱ्या हाताने स्क्रू. तिसरा हात आईचा. ती म्हणाली, "साठ हजार देऊन हे पण आपणच करायचं?"

बोर्ड कॅबिनेटमध्ये नऊ स्क्रूंनी घट्ट बसवल्यावर पोर्टच्या मागची पत्र्याची पट्टी टेबलावरच राहिलेली दिसली. परत नऊ स्क्रू. मग बटण दाबलं, पंखे फिरले, लाईट लागले, स्क्रीन काळी. पोटात गोळाच आला. बायोस, नक्की बायोस. वीस मिनिटं डोकं धरून बसलो, मग दिसलं की केबल बोर्डच्या एचडीएमआयमध्ये लावलीय. ५६०० मध्ये स्वतःचं ग्राफिक नसतं हे मी दोन महिने लोकांना सांगत फिरत होतो. केबल कार्डात लावली आणि चित्र आलं.

आठवडाभर सगळ्यांना सांगितलं, काय स्मूथ चालतंय, १४४ हर्ट्झ म्हणजे काय चीज आहे. मामेभाऊ आला, माउस दोनदा हलवला आणि म्हणाला हे ६० वर चाललंय. विंडोजमध्ये जाऊन १४४ निवडावं लागतं. टास्क मॅनेजर उघडला तर रॅम २१३३ वर, मी पैसे दिलेले ३२०० चे. बायोसमध्ये एक्सएमपी, म्हणजे रॅमला तिच्या पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग, चालू केली, आणि मग मला कळलं स्मूथ म्हणजे काय. आधीचा आठवडा कोणाला सांगू नकोस म्हटलं त्याला.

एक शेवटची गोष्ट राहिली, जी कुठल्याच यादीत नव्हती. कॅबिनेटला हाताची मागची बाजू लागली की झिणझिण्या यायच्या, अनवाणी असलो तर जास्त. मला वाटलं एसएमपीएस फॉल्टी. वायरमन काकांनी टेस्टर कॅबिनेटला लावला, मंद पेटला. मग त्यांनी भिंतीतला बोर्ड उघडला, तिसऱ्या मोठ्या भोकाला वायरच नव्हती, भोक नुसतं शोभेला. एसएमपीएसच्या आत फिल्टरचे कपॅसिटर असतात, त्यातून थोडा करंट बॉडीवर येतो आणि अर्थिंगमधून निघून जातो, अर्थिंगच नसेल तर तो आपल्यातून जायला बघतो. आमची बिल्डिंग जुनी, त्या खोलीत कोणी कधी फ्रिज-गिझर लावलाच नव्हता म्हणून कळलं नव्हतं. काकांनी मेन बोर्डापासून हिरवी वायर ओढली, वायरसकट साडेसहाशे घेतले.

वहीत शेवटची ओळ तीच आहे. अर्थिंग, ६५०. टोटल ६१,२५०.