गाडीखालचा आवाज आणि ‘आवाज आढळला नाही’ : माझा अनुभव

सर्व्हिस सेंटरच्या जॉब कार्डावर, म्हणजे तक्रार आणि काम लिहितात त्या कागदावर, तीन वेळा एकच ओळ छापून आली : तक्रारीतला आवाज आढळला नाही. तिन्ही कागद मी फायलीला लावून ठेवलेत. आवाज होता. अडीच महिने रोज होता, आणि तो कसला हे अखेर कळलं तेव्हा दुरुस्ती वीस मिनिटांत झाली. म्हणून हे सविस्तर लिहिते.

मी जळगावला राहते, चोपड्याला ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवते. गाडी पेट्रोलवरची, छोटी, नऊ वर्षांची. रोजचं जाणं-येणं विदगाव, धानोरा, अडावद असं. दिवाळीनंतर एक दिवस विदगावचा तापीचा पूल ओलांडला आणि पायाखालून आवाज सुरू झाला. पितळी डब्यावर झाकण सैल बसलेलं असावं आणि डबा कुणी हलवत राहावा, तसा. झिर्रर्र, मग शांत, मग पुन्हा झिर्रर्र. पुढून केळीचा ट्रक आला म्हणून तिसरा गिअर टाकला तर आवाज वाढला. ट्रक मागे टाकून वेग घेतला तर गायब.

पहिले दोन दिवस मी डिकी रिकामी करण्यात घालवले. ते करावंच. स्टेपनीखाली जॅक आणि पाना कापडात न गुंडाळता ठेवले असतील तर खालूनच वाजतंय असं वाटतं. माझ्याकडे तसं नव्हतं.

मग सर्व्हिस सेंटर. सकाळी नऊला गाडी दिली, संध्याकाळी साडेपाचला फोन : ‘मॅडम, गाडी रेडी आहे, आवाज काही नाहीये.’ घेऊन घरी आले, शहरातल्या शहरात खरंच आवाज नव्हता. दुसऱ्या दिवशी पूल ओलांडला, झिर्रर्र.

दुसऱ्यांदा गेले तेव्हा सर्व्हिस ॲडव्हायझरने विचारलं, ‘गाडी सर चालवतात का? एकदा सरांना पाठवून द्या, त्यांना नीट सांगता येईल.’ माझ्या नवऱ्याने ही गाडी दहा वेळाही चालवलेली नाही. मी सांगितलं, गाडी माझी, आवाज मी ऐकलाय, मीच सांगणार. त्याने मान हलवली आणि कार्डावर फक्त ‘खालून आवाज’ एवढंच लिहिलं. मी किती किलोमीटरनंतर, कोणत्या गिअरमध्ये, किती आरपीएमला (इंजिनाचे मिनिटाला फेरे) ते सांगत होते, त्यातलं एक अक्षर कागदावर उतरलं नाही. त्या वेळी मी सही केली, ही माझी चूक. कार्ड आधी वाचा, आपले शब्द त्यावर लिहून घ्या आणि मगच सही करा. पुढे भांडायची वेळ आली तर तोच कागद कामाला येतो.

त्या दिवशी अंदाजपत्रक आलं अकरा हजार आठशेचं. लिंक रॉड, लोअर आर्म, शॉकॲब्सॉर्बरचे माउंट, सगळे चाकांजवळच्या सस्पेन्शनचे भाग. आवाज ऐकला का, विचारलं तर म्हणे, ‘आवाज नाही आला, पण हे पार्ट घासलेत, यांचाच असणार.’ मी फक्त दोन्ही लिंक रॉड बदलायला सांगितले, तीन हजार चारशे गेले. जुने रॉड मागितले तर ते भंगारात गेले होते. जुना पार्ट हातात घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत, हे तेव्हा शिकले. आवाज जसाच्या तसा.

तिसरी खेप सगळ्यांत वाईट. मी रजा टाकून गेले. म्हटलं, मी शेजारी बसते, वीस किलोमीटर जाऊ, आवाज मी ऐकवते. उत्तर मिळालं, टेस्ट ड्राइव्हला कस्टमरला नेत नाहीत, नियम आहे. काचेच्या खोलीत बसवलं, चहा दिला. काचेपलीकडे माझी गाडी दिसत होती. दहा वाजल्यापासून पावणेदोनपर्यंत तिला कुणी हात लावला नाही. मग एक मुलगा आला, काचा बंद, एसी चालू, गेटबाहेर पडला आणि सात मिनिटांत परतला. मी घड्याळ लावून मोजलं. मग गाडी लिफ्टवर चढवली, इंजिन बंद, चाकं लोंबकळतायत, टॉर्च मारून इकडेतिकडे बघितलं. मी मॅनेजरकडे गेले, फोनवरचं रेकॉर्डिंग ऐकवलं. त्यांनी अर्धं ऐकून फोन परत दिला : ‘मॅडम, नऊ वर्षांची गाडी आहे, एवढा आवाज येणारच.’ आणि कार्डावर तीच ओळ.

त्या वाक्याचा मला आजही राग येतो. वयाने आवाज येत नाही. काहीतरी सैल होतं, गंजतं, तुटतं किंवा घासतं, तेव्हा आवाज येतो. तो कशाचा हे शोधून देण्याचेच आपण पैसे देतो.

घरी येताना ठरवलं, आता शोध मीच घेणार. वहीचं एक पान केलं. जाताना आवाज विदगावच्या पुलानंतर. येताना? आठ दिवस लिहून ठेवलं : येताना अडावदच्या थोडं पुढे. म्हणजे रस्त्याचा, पुलाच्या सांध्यांचा संबंध नाही. दोन्हीकडे गाडी सुरू केल्यापासून वीस-बावीस मिनिटांनी. आवाज तापल्यावर येत होता. सर्व्हिस सेंटरमध्ये तो का येत नव्हता तेही इथेच कळलं : चार तास उभी राहून गार झालेली गाडी सात मिनिटं फिरवली तर तो येणारच नाही.

दुसरी गोष्ट अडावदला केली आणि ती कुणालाही करता येईल. रस्त्याच्या कडेला मोकळी जागा बघून गाडी उभी केली, हँडब्रेक, न्यूट्रल, काचा खाली. हळूहळू रेस केली. दोन हजार आरपीएमला झिर्रर्र. अडीच हजारला शांत. पुन्हा दोन हजारला आणलं, पुन्हा झिर्रर्र. चाकं फिरत नव्हती! म्हणजे चाकं, बेअरिंग, ब्रेक, सस्पेन्शन, सगळे एका झटक्यात यादीबाहेर. माझे लिंक रॉडचे पैसे वाया गेले होते, हे उभ्या गाडीत सिद्ध झालं. राहिलं काय, तर इंजिनाबरोबर हलणारं काहीतरी, आणि खाली तापणारं. सायलेन्सर.

उलट झालं असतं, म्हणजे उभ्या गाडीत आवाज नाही आणि चाकाच्या वेगाबरोबर टकटक वाढतेय, तर मी तिथेच थांबून आधी चाकाचे नट तपासले असते. त्यात उद्यावर ढकलायचं नाही. स्टिअरिंग पूर्ण वळवून पुढे जाताना कटकट आली तर बहुधा ड्राइव्ह शाफ्टचा, म्हणजे इंजिनाची ताकद चाकाला पोचवणाऱ्या दांड्याचा जॉइंट. ब्रेकला नुसता पाय टेकवल्यावर आवाज बदलला तर ब्रेक पॅडकडे बघायचं. माझ्या भावाच्या गाडीत ब्रेकची डिस्क आणि तिच्यामागच्या पत्र्यात खडा अडकला होता, खरवडल्यासारखा भयंकर आवाज. चार-पाच वेळा मागे-पुढे केल्यावर तो पडला.

कॉलेजात हे सांगत होते तेव्हा आमचे शिपाई मामा म्हणाले, ‘मॅडम, शोरूमले नका जाऊ, सायलेन्सरवालाले दखाडा. आनि गाडी गरम ऱ्हाऊ द्या.’ हेच खरं.

त्या शनिवारी चोपड्याहून निघाले ती थेट जळगावात अजिंठा चौफुलीकडच्या एका वेल्डिंगवाल्याच्या दुकानासमोर, इंजिन बंद न करता. साठीचे गृहस्थ, बोलणं मोजकं. मी चावीला हात लावला तर म्हणाले, ‘ताई, बंद नका करू, चालूच ऱ्हाऊ द्या.’ गाडी खड्ड्यावर घेतली. मला सांगितलं दोन हजारवर धरा. मी धरलं, झिर्रर्र सुरू. ते खाली उतरले, हातात कुऱ्हाडीच्या दांड्याएवढी लाकडी काठी. काठीचं टोक एकेका जागी दाबत गेले. मधल्या डब्यावर दाबलं, आवाज चालू. पुढे सरकले, दाबलं, आणि आवाज थांबला. काठी काढली, सुरू. दाबली, बंद. तीनदा करून दाखवलं. मला आत बसल्या जागी डोळ्यांत पाणी आलं, खरंच सांगते. अडीच महिन्यांत पहिल्यांदा माझ्याशिवाय दुसऱ्या कुणीतरी तो आवाज ऐकला होता.

‘सायलेन्सरचा पत्रा हाय,’ ते म्हणाले. यालाच हीट शील्ड म्हणतात. सायलेन्सरच्या पाइपाची आच गाडीच्या तळाला किंवा खालच्या गवताला लागू नये म्हणून बसवलेला पातळ पत्रा. माझ्या पत्र्याचं एका बोल्टाचं भोक गंजून मोठं झालं होतं, बोल्ट जागेवर पण पत्रा सुटा. पाइप तापला की लांबतो. लोखंडी पाइप मीटरभर असेल आणि तीनशे अंशांनी तापला तर साडेतीन मिलिमीटरच्या आसपास. तेवढ्याने सुट्या पत्र्याची कड जाऊन पाइपाला टेकत होती. आणि दोन हजारलाच का, तर प्रत्येक पत्र्याची थरथरण्याची आपली एक वारंवारता असते. इंजिनाचे हादरे तिच्याशी जुळले की तो घुमतो, पुढे गेले की गप्प. अनुनाद मी दरवर्षी फळ्यावर शिकवते, या वर्षी मुलांना गाडीचंच उदाहरण दिलं.

शेजारच्या गॅरेजवाल्याने सुचवलं, काढून टाका तो पत्रा, कटकट जाईल. मी नाही म्हटलं आणि तुम्हीही म्हणा. आम्ही शेतात जातो, गाडी वाळलेल्या गवतावर, कधी खळ्यात कडब्याच्या नि पऱ्हाटीच्या काड्यांवर उभी राहते. खालची आच थोपवायला तो पत्रा आहे. याआधी दुसऱ्या एकाने ‘कॅटॅलिटिक कन्व्हर्टर फुटलाय’ म्हणूनही घाबरवलं होतं, म्हणजे इंजिनाचा धूर स्वच्छ करणारा डबा. त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असे महागडे धातू असतात, बदलायचा म्हटलं की मोठा खर्च. त्या माणसाने हात लावूनही पाहिलं नव्हतं. अशी काठी लावून आवाज थांबवून दाखवल्याशिवाय कुणालाही काही बदलू देऊ नका.

गाडी तासभर गार होऊ दिली. तापलेल्या सायलेन्सरला हात लागला तर कातडी सोलून निघते, आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली तर कधीच शिरू नये. मग मोठा वायसर घालून बोल्ट आवळला, वर स्टीलची लांब क्लिप, पाण्याच्या पाइपाला लावतात तशी, पत्रा आणि पाइप मिळून गुंडाळून पेचकसाने घट्ट केली. क्लिप आणि वायसर नव्वद रुपये, मजुरी दीडशे.

महिन्याने परत दाखवायला सांगितलं होतं, क्लिप तापून-गार होऊन ढिली पडते म्हणून. गेले. त्यांनी अर्धा आटा आवळला आणि पैसे घेतले नाहीत.