गाडी न चालवणाऱ्या माणसाचं राज्य कोणतं?

भाच्याचं मास्टर्स संपत आलंय. परवा फोन आला, "मावशी, न्यू जर्सी आणि टेक्सास, दोन्हीकडून ऑफर आहे. तू दोन्हीकडे राहिलीस. कुठे जाऊ?"

पगाराचा हिशेब त्याने आधीच मांडला होता. टेक्सासमध्ये राज्याचा इन्कम टॅक्स नाही, न्यू जर्सीत आहे. आम्हीही २०१९ मध्ये याच हिशेबाने न्यू जर्सीतलं एडिसन सोडून डॅलसच्या उत्तरेला फ्रिस्कोत आलो. दोन खोल्यांच्या भाड्याच्या फ्लॅटमधून अंगण असलेल्या घरात आलो, त्याचा आनंद खरा होता आणि आजही आहे. पण घर घेतलं की प्रॉपर्टी टॅक्स येतो. न्यू जर्सीतलं सरासरी बिल वर्षाला १० हजार डॉलरच्या आसपास आहे आणि त्याबद्दल ते राज्य देशभर बदनाम आहे. टेक्सासचा दरही चांगलाच चढा आहे, हे मात्र इथे येईपर्यंत आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. घराची किंमत काउंटी, म्हणजे इथला जिल्हा, दरवर्षी नव्याने ठरवते. ती जास्त वाटली, तर मे महिन्यात प्रोटेस्ट करायचा, म्हणजे रीतसर हरकत घ्यायची. आमच्या गल्लीत सगळे करतात.

थोरली एडिसनला झाली तेव्हा न्यू जर्सीच्या फॅमिली लीव्ह विम्यातून मला सहा आठवडे पगाराचा बराचसा भाग मिळाला. ही सोय तिथे २००९ पासून आहे. धाकटा इथे झाला. टेक्सासमध्ये राज्याची अशी योजनाच नाही, कंपनी देईल तेवढी रजा. तो काही महिन्यांचा असताना फेब्रुवारी २०२१ चं हिमवादळ आलं. टेक्सासचं वीजजाळं बरंचसं स्वतंत्र आहे, त्यामुळे शेजारच्या राज्यांकडून पुरेशी वीज घेता येईना. घरातली हीटिंग बंद, बाहेर बर्फ, आणि आम्ही चौघं एका गादीवर सगळी पांघरुणं घेऊन. त्या वादळातल्या मृत्यूंचा राज्याचा अधिकृत आकडा २४६ आहे. अजूनही थंडीत दिवा लुकलुकला की माझ्या पोटात गोळा येतो.

तरीही भाच्याला मी आधी सांगितलं ते आईबद्दल.

२०१६ मध्ये आई-बाबा परभणीहून एडिसनला आले होते. चौथ्या दिवशी आई पिशवी घेऊन एकटी ओक ट्री रोडला, तिथल्या भारतीय दुकानांच्या रस्त्याला, गेली आणि मेथी, गवार घेऊन आली. सोबत दोन मैत्रिणींचे फोन नंबरही. एक नडियादची, एक साताऱ्याची. बाबा संध्याकाळी बागेत जायचे, तिथे निवृत्त मंडळींचा कट्टा जमायचा. एकदा तर दोघं आपले आपण मेट्रोपार्कहून ट्रेनने न्यू यॉर्कच्या पेन स्टेशनला जाऊन आले. परतल्यावर आईच्या चेहऱ्यावर जे होतं, ते मला अजून आठवतं.

२०२३ मध्ये ते फ्रिस्कोला आले. इथे मंदिरं आहेत, किराणा आहे, मराठी माणसं भरपूर आहेत. पण सगळं गाडीने. डॅलसची लोकल गाडी फ्रिस्कोपर्यंत येत नाही. त्यातून उन्हाळा, पारा दिवसेंदिवस ३८ अंशांच्या वर. आई सकाळी साडेसहाला गल्लीत एक फेरी मारायची, मग दिवसभर घरात. तिने तक्रार केली नाही. फक्त रोज विचारायची, "आज तू किती वाजता येशील?" त्या प्रश्नाने मला आतून पोखरलं.

बाबांना मात्र इथे एक गोष्ट सापडली. उन्हाळ्यात इथली जमीन भेगाळते आणि घराचा पाया हलतो, म्हणून लोक घराभोवती नळी टाकून पायालाच पाणी देतात. बाबांनी ढेकूळ उचललं, बोटांनी चुरगाळलं आणि म्हणाले, "अगं, ही तर आपलीच काळी माती. कापसाची." खरंच, या पट्ट्यात पूर्वी कापूसच पिकायचा. मग रोज संध्याकाळी नळी सोडायचं काम त्यांनी आपल्याकडे घेतलं.

भाच्याला म्हटलं, एकटा आहेस आणि पैसे साठवायचे आहेत, तर टेक्सासला ये, माझ्याकडेच उतर. पण ताईला आणि भाऊजींना वर्षाआड सहा महिने आणायचं मनात असेल, तर न्यू जर्सीत स्टेशनजवळ छोटं घर बघ, भाडं जास्त पडलं तरी.

यंदा आई-बाबांना ऑक्टोबरात बोलावलंय, ऊन उतरल्यावर. आणि किराणा दुकानापासून चालत दहा मिनिटांवरचं एक टाउनहाउस मी गेल्या शनिवारी बघून आले. अंगण नाही त्याला. बाबांना अजून सांगितलेलं नाही.