साडेत्रेपन्न

२४ एप्रिल, रात्री साडेअकरा

नववीचा गणिताचा निकाल आज हातावेगळा करायचाच म्हणून बसलो. पंखा लावला की याद्या उडतात, बंद केला की घाम पानावर. ४१ मुलं. प्रत्येकाचे सहामाहीचे शंभर, वार्षिकचे शंभर, बेरीज, भागिले दोन, अर्धा आला तर वरचा पूर्णांक. इतकी वर्षं हेच करतोय, हात आपोआप चालतो.

आज हजेरी क्रमांक १२ आणि २७ पाशी अडला. दोघांचेही साडेत्रेपन्न. म्हणजे ५४.

१२ नंबर सहामाहीला अगदी काठावर होता. लेखी १९, अंतर्गत १६, झाले ३५. कंसाबाहेर वजा चिन्ह दिसलं की याची गाडी घसरायचीच. दिवाळीनंतर मात्र मधल्या सुट्टीत डबा अर्धा टाकून वही घेऊन शिक्षक खोलीच्या दारात उभा राहायला लागला. मी चहा पीत असलो तर जरा त्रासच व्हायचा, खरं सांगायचं तर. वार्षिकला ७२.

२७ नंबरची गोष्ट उलटी. सहामाहीला ७१. जानेवारीत वडील अंथरुणाला खिळले, सकाळी दुकान हीच उघडायची, पहिला तास बुडायचा. आणि पहिला तास नेमका माझा. वार्षिकला ३६.

३५ आणि ७२, ७१ आणि ३६. बेरीज दोन्हीकडे १०७. सांख्यिकीच्या धड्यात मीच फळ्यावर लिहून देतो की नुसत्या मध्यावरून, म्हणजे सरासरीवरून, सामग्री कशी पसरली आहे ते कळत नाही. वर्गात मान डोलावतात सगळे. निकालपत्रकावर तेच करताना मला कधी काही वाटलं नाही.

म्हटलं, शेवटी मुलाला काय येतं तेच मोजावं ना. मागच्या पानावर सहामाहीला ३० टक्के आणि वार्षिकला ७० टक्के भार देऊन पाहिला. मुलगा ६१ वर गेला. बरं वाटलं. मग मुलीचे काढले: साडेशेहेचाळीस, ४७. त्या पानावर काट मारली. त्याच्यावर अन्याय करणारी सरासरी तिला सांभाळून घेत होती, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

अंतर्गत २० गुणांबद्दल तर बोलायलाच नको. गृहपाठ, बहुपर्यायी चाचणी, कागदावर सगळं आहे. प्रत्यक्षात १७च्या खाली कोणाला द्यायचे नाहीत, असा न लिहिलेला नियम. मी त्याला सहामाहीला १६ दिले होते तर "सर, एवढा हात आखडता का?" असं विचारणं झालं होतं. पण हे गुण नसते तर? २०१९च्या दहावीला भाषा आणि समाजशास्त्राचे तोंडीचे गुण काढून घेतले होते. राज्याचा निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० वर आला. पुढच्या वर्षी गुण परत दिले, निकाल ९५.३०. मुलं एका वर्षात ढ आणि पुढच्या वर्षी हुशार झाली असं काही नसतं. कढईत तेल किती घातलं त्यावर भजी फुगली, एवढंच.

आणि २०२१ची तुकडी. ती आठवली की अजून पोटात कालवतं. दहावीची परीक्षाच रद्द. १०० पैकी ५० गुण नववीच्या निकालावर, ३० दहावीच्या वर्षभरातल्या लेखी मूल्यमापनावर, २० तोंडी, प्रात्यक्षिक वगैरे. पण या मुलांची नववीची वार्षिक टाळेबंदीमुळे झालीच नव्हती. तो निकाल पहिलं सत्र, चाचण्या आणि अंतर्गत गुणांवर लावलेला. म्हणजे २०१९च्या दिवाळीआधी, कोणाच्या ध्यानीमनी नसताना दिलेली सहामाही जाऊन बसली दहावीच्या गुणपत्रकात. राज्याचा निकाल ९९.९५ टक्के, पेढे वाटले गेले. अकरावीसाठी वेगळी सीईटी होणार म्हणून काही मुलांनी जीव तोडून अभ्यास केला, तीही १० ऑगस्टला उच्च न्यायालयाने रद्द केली. माझा एक विद्यार्थी त्या सहामाहीच्या आठवड्यात तापाने फणफणत पेपरला बसला होता. तेव्हा मीच त्याला म्हटलं होतं, "अरे, नववीचे गुण कोण विचारतंय?"

बारा वाजून गेले. सगळ्यांचे आकडे भरून झालेत, दोघांपुढेही ५४च लिहिलंय, दुसरं काही लिहायची मला मुभा नाही. प्रगतिपुस्तकातला शेऱ्याचा रकाना तेवढा माझा, दोन बोटं रुंद. १२ नंबरच्या रकान्यात "दुसऱ्या सत्रात ७२!" असं लिहिलं. शेऱ्यात गुण लिहीत नाहीत म्हणून मुख्याध्यापिका बाई परत पाठवतील बहुतेक. पाठवू देत.

२७ नंबरचा रकाना अजून कोरा आहे. "अधिक प्रयत्न हवेत" हे पहाटे शटर उचलणाऱ्या पोरीला लिहायला पेन उचलत नाही.