पास जमा करा
२४ मार्च २०२० च्या रात्री कोरोनामुळे डोमेस्टिक फ्लाइट्स बंद झाल्या तेव्हा मी मुंबई एअरपोर्टच्या टी-टूवर, म्हणजे टर्मिनल दोनवर, चेक-इनला कामाला होते, सगळ्यांना वाटलेलं पंधरा-वीस दिवसांचा प्रश्न आहे. सुरू झालं थेट २५ मेला, तेही मुंबईला दिवसाला फक्त २५ येणारी नि २५ जाणारी विमानं, जिथे एरवी नऊशेच्या आसपास ये-जा असायची. एवढ्या माणसांना काम कुठून देणार, हे मलाही कळतं.

आमचा आधी पगार अर्धा झाला, मग महिन्यात दहाच ड्युट्या, मग लीव्ह विदाउट पे, म्हणजे कागदावर नोकरी आणि खात्यात शून्य. पीएफमधून तीन महिन्यांचा बेसिक-डीए किंवा जमा रकमेच्या ७५ टक्के, यातलं कमी असेल ते काढता येत होतं, आम्ही बहुतेकांनी काढलं आणि तेही घरभाड्यातच गेलं. आमच्या सुपरवायझर मॅडमनी मात्र एक केलं, रोस्टर लावताना ज्यांच्या घरात दुसरं कोणी कमावणारं नाही त्यांची नावं आधी टाकली. माझं नाव खाली होतं, पण मला ते पटलं.

खरे हाल रॅम्पवरच्या, म्हणजे विमानं उभी राहतात तिथल्या, कॉन्ट्रॅक्टवाल्या लोडर्सचे झाले. त्यांना थेट सांगितलं, पास जमा करा. एअरपोर्टला पास म्हणजेच नोकरी हो, तो बीसीएएसचा, म्हणजे सरकारच्या विमान सुरक्षा खात्याचा असतो, पोलीस व्हेरिफिकेशन होऊन मिळतो आणि कंपनी सुटली की परत द्यावा लागतो, नवीन हवा तर सगळं पहिल्यापासून. आमच्यातल्या एका काकांनी बारा वर्षं बॅगा उचलल्या, त्यांनी पास काढून दिला आणि त्याची गळ्यातली दोरी हातात धरून विचारलं, "ही पण द्यायची का?" कोणालाच उत्तर देता आलं नाही.

थोड्या थोड्या ड्युट्या वाटून या लोकांना नुसतं रोलवर, म्हणजे कंपनीच्या यादीवर, ठेवलं असतं तरी पास जिवंत राहिले असते, हे मी तेव्हाही बोलले होते. २७ मार्च २०२२ पासून इंटरनॅशनल फ्लाइट्स नियमित सुरू झाल्या, गर्दी आली, आणि आमच्याकडे नव्या पोरांचे पास यायचे बाकी, बॅगा बेल्टवर उशिरा, पॅसेंजर ओरडणार आमच्यावर. मी स्वतः काकांना फोन लावला. ते गावी आंब्याच्या बागेत राखणीला होते, म्हणाले, "पुन्हा त्या पोलीस स्टेशनच्या चकरा नाही गं होणार माझ्याच्याने."