थकबाकी

माझ्याकडे एक वही होती, हिशेबाची, उभ्या रेघांची. त्यात पाच रकाने: प्रार्थना किती मिनिटं, वचनाचे किती अध्याय, उपास, दशांश (मिळकतीचा देवाला द्यायचा दहावा हिस्सा), आणि शेवटचा ‘राग आला का?’ त्या शेवटच्या रकान्यात ‘नाही’ लिहिताना मी बऱ्याचदा स्वतःला सूट द्यायचे. मी हिशेबनीस. दिवसभर लोकांची खाती जुळवायची आणि रात्री स्वतःचं लिहायचं, असं सहा वर्षं चाललं.

मग कावीळ झाली. २३ दिवस अंथरुणात. बायबल उघडलं की अक्षरं पोहायला लागत, प्रार्थना सुरू केली की दुसऱ्या वाक्याला डोळा लागे. उठून बसण्याइतकी ताकद आल्यावर मी पहिलं काम काय केलं, तर वही मागवून थकबाकी काढली. रोजचा अर्धा तास धरून साडेअकरा तास. रोज १५ मिनिटं जादा केली तर ४६ दिवसांत फिटतील, असा हप्ताही पाडला. हसू नका, मला खरंच हलकं वाटलं होतं.

त्या दिवशीच्या वाचनात बायबलमधल्या रोमकरांस पत्राचा, प्रेषित पौलाच्या पत्राचा, चौथा अध्याय आला. आधी कितीदा तरी वाचलेला. या वेळी ‘गणणे’ या शब्दाशी थबकले, कारण तो माझ्या कामातला. मूळ ग्रीक शब्द लोगिझोमाय, म्हणजे हिशेबात धरणं, खात्यावर मांडणं. या एका अध्यायात पौल तो ११ वेळा वापरतो. काम करणाऱ्याला मिळते ती मजुरी, म्हणतो. ती कृपा नव्हे, देणं असतं. पण जो काम करत नाही, तर अधर्म्याला नीतिमान ठरवणाऱ्यावर विश्वास ठेवतो, त्याचा विश्वासच नीतिमत्त्व म्हणून गणला जातो. मी इतकी वर्षं देवाकडे मजुरीचं बिल लावत होते, आणि आजारपणात बिनपगारी रजा पडली म्हणून घाबरले होते!

पुढे पौल चक्क तारखा लावतो, आणि ते मला फार आवडलं. यहुद्यांचा मूळपुरुष अब्राहाम, त्याचा विश्वास गणला गेला उत्पत्तीच्या १५व्या अध्यायात (तेव्हा त्याचं नावही अब्राम होतं). त्याचा मुलगा इश्माएल जन्मला १६व्यात, तेव्हा तो ८६ वर्षांचा. सुंता, म्हणजे देवाशी केलेल्या कराराची खूण, १७व्यात, वयाच्या ९९व्या वर्षी. म्हणजे जमेची नोंद निदान १३ वर्षं आधीची. ज्या विधीमुळे ती झाली असं वाटावं, तो विधी तेव्हा झालेलाच नव्हता. अब्राहाम मुलगा इसहाक याला वेदीवर अर्पण करायला निघाला तेव्हा कृतींनी नीतिमान ठरला, असं याकोबाचं पत्र म्हणतं. ते पुढे करणाऱ्यांना एवढंच सांगते, की तो प्रसंग २२व्या अध्यायातला आहे. नोंद तोवर जुनी झाली होती.

लूकच्या शुभवर्तमानात, १८व्या अध्यायात, येशूच्या दाखल्यातला परूशी आहे, नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या पंथातला; त्याची तर मला दया येते. तो खोटं बोलतो असं येशू कुठेही म्हणत नाही. आठवड्यातून दोनदा उपास. नियमशास्त्राने नेमलेला वर्षातून एकच, प्रायश्चित्ताच्या दिवसाचा. सगळ्या मिळकतीचा दशांश. त्याची वही माझ्याकडे तपासायला आली असती तर मी डोळे झाकून सही केली असती. आणि नीतिमान ठरून घरी गेला कोण, तर लांब उभा राहून ऊर बडवणारा जकातदार. त्याच्या वहीत दाखवण्यासारखं एकही पान नव्हतं.

मी वही बंद केली. पण खोड जाते कुठे? पुढचे काही आठवडे मनात सहावा रकाना सुरू झाला: आज विश्वास किती होता? पुरेसा घट्ट होता का? म्हणजे विश्वासाचीही मजुरीच केली मी. तो रकाना मोडला तो एका आठवणीने. कावीळ जोरात असताना आई चमच्याने पाणी पाजायची. मी फक्त तोंड उघडायचं, तेही कधी अर्धवट, निम्मं पाणी उशीवर. तोंड किती छान उघडलं याची नोंद आईने ठेवली नव्हती. तिचं लक्ष पाणी आत गेलं का, एवढ्यावरच.

उपास अजून करते. वाचनही चालू आहे, आता पुष्कळदा एकाच ओळीवर रेंगाळत. काल रात्री प्रार्थनेला बसले, आमेन म्हटलं, आणि नजर घड्याळाकडे गेलीच.

२२ मिनिटं.