एमडी पीडियाट्रिक्सनंतर मेडिकल एज्युकेशनचं मास्टर्स – माझा अनुभव

मागच्या काही महिन्यांत बऱ्याच ज्युनियर डॉक्टरांनी विचारलं की मॅडम, एमडी झालंय, शिकवण्याची नोकरी आहे, मग एज्युकेशनमध्ये अजून एक मास्टर्स कशाला, आणि करायचं तर कसं. प्रत्येकाला फोनवर अर्धवट सांगण्यापेक्षा एकदा सगळं लिहूनच काढते.

मी महाराष्ट्रातल्या एका मेडिकल कॉलेजात बालरोग विभागात शिकवते. आपल्याकडे डॉक्टर शिक्षक कसा होतो तर एमडी झालं की सिनियर रेसिडेन्सी आणि मग एक दिवस हातात टाइमटेबल येतं, त्यात आपलं नाव असतं आणि समोर शंभर-दीडशे पोरं असतात. आयव्ही कॅन्युला लावायला आपल्याला कुणीतरी हात धरून शिकवलेलं असतं, शिकवायचं कसं हे कुणीच शिकवलेलं नसतं. 2019 पासून एमबीबीएसला कॉम्पिटन्सी बेस्ड करिक्युलम आला, म्हणजे नुसती माहिती नाही तर काय करता येतं यावर बेतलेला अभ्यासक्रम, त्यात वागणूक, नीती आणि संवाद शिकवणारं एटकॉम मॉड्यूल आलं, करून दाखवा-बघा-मदत करा-स्वतः करा अशी डोअॅप सेशन आली, आणि प्रमोशनसाठी बेसिक कोर्स इन मेडिकल एज्युकेशन करावा लागतो म्हणून मीही तो केला. त्या कोर्समध्ये पहिल्यांदा मिलरचा पिरॅमिड पाहिला. अगदी खाली 'माहीत आहे', त्यावर 'कसं ते माहीत आहे', मग 'करून दाखवतो' आणि टोकाला 'प्रत्यक्ष कामात करतो'. जॉर्ज मिलरने हे 1990 मध्ये मांडलं, आणि माझ्या डोक्यात एकच विचार की आम्ही थिअरी पेपर आणि व्हायवा घेऊन सगळ्यात खालच्या दोन पायऱ्या तपासतो आणि पोराला थेट टोकावरच्या कामाला वॉर्डात सोडतो. तो विचार काही केल्या जाईना. मग अ‍ॅडव्हान्स कोर्स केला, त्यात एक एज्युकेशनल प्रोजेक्ट करावा लागतो, सहा महिने तो चालतो, आणि तो करताना लक्षात आलं की मला या विषयाचं नीट, पायापासून शिक्षण हवंय.

पर्याय बरेच होते. मुंबईला सेठ जीएस मेडिकल कॉलेजात 2005 पासून फेमर या मेडिकल एज्युकेशनमधल्या संस्थेची फेलोशिप आहे, दोन वर्षांची, नोकरी सांभाळून करता येते, माझ्या ओळखीतले जे लोक तिथून आले ते सगळे बदलूनच आले. लुधियाना आणि कोइम्बतूरलाही ती आहे. डिग्रीच हवी असेल तर नेदरलँड्समधलं मास्ट्रिख्ट आहे, पण तिथे काही काळ प्रत्यक्ष जाऊन राहावं लागतं आणि माझी मुलगी तेव्हा दहावीला, त्यामुळे ते जमण्यासारखं नव्हतं. शेवटी स्कॉटलंडमधल्या डंडीचा डिस्टन्स मास्टर्स घेतला. डंडी घेण्याचं अजून एक कारण म्हणजे ऑस्की, विद्यार्थी एकेका स्टेशनवर जाऊन ठरलेलं काम करून दाखवतो ती परीक्षा. रोनाल्ड हार्डन यांनी तिथूनच 1975 मध्ये ऑस्कीवरचा पेपर लिहिला आणि आज आपल्याकडे बऱ्याच बालरोग परीक्षांत ती स्टेशनं मांडलेली असतात, म्हणजे ज्या गोष्टीत मी परीक्षक म्हणून रोज उभी राहते ती जिथून आली तिथेच शिकायचं होतं. यूकेच्या या कोर्सेसमध्ये तीन टप्पे असतात, 60 क्रेडिटला सर्टिफिकेट, 120 ला डिप्लोमा, 180 ला मास्टर्स. हे मला फार सोयीचं वाटलं, मध्येच घरी काही अडचण आली असती तर हातात काहीतरी राहिलं असतं.

अर्जाचं फार काही नाही. डिग्र्या, मार्कशीटा, मेडिकल कौन्सिलचं रजिस्ट्रेशन, दोन रेफरन्स, आणि हे का करायचंय ते लिहून द्यायचं. या लिखाणाला मात्र वेळ द्या. 'मला शिकवायची आवड आहे' असं सगळेच लिहितात, तुमच्या वॉर्डात तुम्हाला नेमकं काय खटकतं ते लिहा. फी पौंडात असते आणि ती जड जातेच, आम्ही घरी बसून आधी सगळा हिशोब मांडला, नवऱ्याने त्या वर्षी गाडी घेणं पुढे ढकललं, आणि कॉलेजकडून एक रुपयाही मिळणार नाही हे मला आधीच सांगण्यात आलं होतं. पगारातही या डिग्रीने फरक पडलेला नाही, हे स्पष्ट सांगते कारण त्या आशेने कुणी यात पडू नये.

आता खरा अवघड भाग. अवघड म्हणजे वेळ काढणं नव्हे, वेळ निघतो. तिकडे संध्याकाळी पाचला वेबिनार असला की आपल्याकडे हिवाळ्यात रात्रीचे साडेदहा, उन्हाळ्यात साडेनऊ, एनआयसीयूचे (नवजात बाळांच्या आयसीयूचे) फोन मध्येच, तरी होतं. अवघड हे होतं की आपण डॉक्टर लोक एका प्रकारच्या पुराव्यावर वाढलेलो असतो, रँडमाइज्ड ट्रायल, पी व्हॅल्यू, सॅम्पल साइज, आणि इथे पहिल्याच मॉड्यूलमध्ये विचारतात की ज्ञान म्हणजे काय असं तुम्ही धरता, तुम्ही स्वतः कुठे उभे राहून बघताय. 'मी' हा शब्द वापरून असाइनमेंट लिहा म्हणतात, आणि आम्हाला तर थिसिसमध्ये 'मी' लिहिला की गाईड लाल रेघ मारायचे. पहिले काही महिने मी वाचत होते आणि काहीही आत जात नव्हतं. कोल्ब आणि बिग्ज हे शिक्षणतज्ज्ञ, बिग्जचं कन्स्ट्रक्टिव्ह अलाइनमेंट, एकामागून एक थिअरी. मग हळूहळू जोडलं गेलं. बिग्ज म्हणतो की काय शिकायचं, कसं शिकवायचं आणि कसं तपासायचं या तिन्ही गोष्टी एका दिशेने हव्यात. आमच्याकडे उद्दिष्टात लिहिलेलं 'आईला ओआरएसबद्दल समुपदेशन करता आलं पाहिजे', शिकवतो डिहायड्रेशनचं लेक्चर, आणि परीक्षेत विचारतो ओआरएसमध्ये सोडियम किती. हे उदाहरण मी असाइनमेंटमध्ये लिहिलं आणि तिथून विषय माझा झाला.

डेझर्टेशनला, म्हणजे मास्टर्सच्या शेवटच्या प्रबंधाला, मी फीडबॅक हा विषय घेतला. वॉर्डात विद्यार्थ्याला फीडबॅक म्हणून काय मिळतं, त्याला काय ऐकू येतं. 2019 ची बॅच, म्हणजे नव्या करिक्युलमची पहिलीच बॅच, तेव्हा इंटर्नशिपला आलेली, त्यांच्याशी बोलायचं ठरवलं. पण माझ्या सहीशिवाय त्यांची बालरोगची पोस्टिंग पूर्ण होत नाही, मग माझ्यासमोर ते खरं कसं बोलणार? म्हणून मुलाखती दुसऱ्या विभागातल्या एका सहकारी मॅडमनी घेतल्या, नावं काढून टाकून ट्रान्सक्रिप्ट माझ्याकडे आल्या आणि तेही पोरांच्या पोस्टिंगवर माझ्या सह्या होऊन गेल्यावर. एथिक्स कमिटीत प्रश्न आला की सॅम्पल साइजचं कॅल्क्युलेशन कुठेय. क्वालिटेटिव्ह, म्हणजे आकड्यांऐवजी लोकांच्या बोलण्यावर चालणाऱ्या अभ्यासात ते फॉर्म्युल्याने निघत नाही, माल्टेरुड यांचा 2016 चा इन्फर्मेशन पॉवरवरचा पेपर सोबत जोडला, किती लोक यापेक्षा ते जे सांगतात त्यात प्रश्नापुरती माहिती किती आहे हे बघतात असं समजावलं, तेव्हा मंजुरी मिळाली. तुम्ही असा अभ्यास करणार असाल तर हा पेपर पहिल्याच अर्जाला जोडा, महिने वाचतील.

ट्रान्सक्रिप्ट वाचण्याचे ते आठवडे मी कधी विसरणार नाही. ब्राउन आणि क्लार्क यांची थिमॅटिक अ‍ॅनालिसिसची पद्धत वापरली, वाक्यावाक्याला कोड द्यायचे, मग कोड एकत्र करत विषय शोधायचे. पोरं म्हणत होती की पूर्ण एमबीबीएसमध्ये मला पेशंट तपासताना सुरुवातीपासून शेवटपर्यंत कुणी पाहिलंच नाही. केस प्रेझेंट केली, चुकली, 'वाचून ये' म्हणाले, काय वाचून ये ते नाही सांगितलं. एकाने सांगितलं की एका रेसिडेंटने दोन मिनिटं थांबून लिव्हर हाताला कसं लागतं ते त्याच्या बोटांवर बोटं ठेवून दाखवलं, आणि तेवढं एकच त्याला पाच वर्षांतलं शिकवणं म्हणून आठवतं. दोन मिनिटं! एवढी हुशार मुलं, नीटची परीक्षा देऊन आलेली, गावाकडून आलेली, आणि आपण त्यांना नुसतं बघायलाही वेळ देत नाही याचा मला मनापासून त्रास झाला, आजही होतो.

डेझर्टेशन पास झालं. विभागात मी ते मांडलं तेव्हा एचओडी सरांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, मग उद्यापासून काय करायचं सांगा. आम्ही मिनी-सीईएक्स सुरू केलं, म्हणजे विद्यार्थी खऱ्या पेशंटची हिस्ट्री घेतो किंवा तपासतो, शिक्षक तिथेच उभा राहून फक्त बघतो, मध्ये बोलत नाही, आणि नंतर तिथल्या तिथे काय चांगलं झालं आणि पुढच्या वेळी नेमकं काय वेगळं कर हे सांगतो. पंधरा-वीस मिनिटांचं काम आहे. लेक्चरर्सनी ते उचललं, पण रेसिडेंटांवर कामाचा बोजा इतका आहे की ओपीडीच्या दिवशी ते होत नाही, पावसाळ्यात डेंग्यूने वॉर्ड भरला की जवळजवळ बंदच पडतं. ते कसं टिकवायचं यावर आता सरांशी बोलणं चालू आहे, रेसिडेंटांच्या ड्युटी लिस्टमध्येच त्यासाठी वेळ धरावा असं माझं म्हणणं आहे.

ज्यांना करायचंय त्यांनी आधी बेसिक आणि अ‍ॅडव्हान्स कोर्स करा, एक छोटा प्रोजेक्ट स्वतःच्या वॉर्डात करून बघा. तेवढ्याने भूक भागली तर मास्टर्सची गरज नाही. नाही भागली तर अर्ज करा, आणि अर्जाचं लिखाण कुणाला दाखवायचं असेल तर मला पाठवा, मी वाचून सांगेन.