नजरेच्या रकान्यातली खूण

नर्सिंगच्या वर्गात मी मोठ्या ऐटीत शिकवलं होतं : म्हाताऱ्या माणसाला खुर्चीत बसवायचं, उठून 3 मीटर चालायला सांगायचं, वळून परत येऊन बसायचं. 12 सेकंद किंवा जास्त लागले, तर पडण्याचा धोका. मुलींनी वह्यांत उतरवून घेतलं.

सोलापूरच्या पूर्व भागात, यंत्रमागांच्या खडखडाटात, पहिल्याच घरी खुर्ची नव्हती. 3 मीटर सरळ जागाही नव्हती. आजी भिंतीला पाठ लावून, मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होत्या. वय सत्तरीच्या पुढे. शेजारणीकडून प्लॅस्टिकची खुर्ची आणली, बोळात टेप लावून अंतर मोजलं. आजी 10 सेकंदांत जाऊन बसल्यासुद्धा. मुली खूश. त्यांचं काय चुकलं? तपासणी मीच तशी शिकवली होती. आजी दिवसभर बसतात जमिनीवर, आणि मी त्यांना उठवलं खुर्चीतून.

जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीप्रमाणे आम्ही सहा गोष्टी बघतो : स्मरण, हालचाल, आहार, नजर, ऐकणं आणि मनाची अवस्था. काही त्रास होतो का, असं विचारल्यावर आजी तेलुगूत म्हणाल्या, "लेस्ते कळ्ळु तिरुगुताय." कळ्ळु म्हणजे डोळे, एवढं एका मुलीला ठाऊक होतं. तिने नजरेच्या रकान्यात खूण केली.

मागे पाण्याची पिंपं मोजत उभी असलेली दुसरी मुलगी पुढे आली. तिच्या घरी तेलुगूच बोलतात. "मॅडम, डोळ्यांचं नाही हे. उठल्यावर गरगरतं म्हणतायत त्या."

मग आजींना 5 मिनिटं आडवं केलं. बीपी 148/84. उभं केल्यावर मिनिटभरात 116/72. उभं राहिल्यावर 3 मिनिटांच्या आत वरचा आकडा 20 ने किंवा खालचा 10 ने उतरला तरी आम्ही सावध होतो. इथे वरचा 32 ने उतरला होता. आजींनी भिंत धरली. मी फॉर्म खाली ठेवला.

त्या मुलीनेच पुढचं काढलं. दोन महिन्यांपूर्वी पहाटे "नळ आला" अशी हाक ऐकून आजी तडक उठल्या आणि पिंपाजवळ कोसळल्या. चार-पाच दिवसांनी येणारं पाणी, ते चुकवायचं कसं? पाय घसरला असंच घरी सगळ्यांनी धरलं होतं. रात्री संडासला जायला लागू नये म्हणून संध्याकाळनंतर त्या पाणीही पीत नव्हत्या.

गोळ्यांची पिशवी उघडली. दोन कंपन्यांच्या, दोन वेगळ्या नावांच्या पट्ट्या. मागचं बारीक अक्षर वाचलं तर दोन्हींत बीपी उतरवणारं एकच औषध, अ‍ॅम्लोडिपिन. एक सरकारी दवाखान्यातली, दुसरी मुलाने बाहेरून लिहून आणलेली. फुकटच्या गोळीला गुण नसतो, असं त्याचं मत. तो जरा चिडलाच, "म्हणजे मी आईला विष दिलं का?" नाही म्हटलं, पण डॉक्टरांना दोन्ही पट्ट्या दाखवा. गोळी बंद करणं नर्सच्या हातात नाही. मी बीपीचे आकडे एका कागदावर लिहून दिले. आजींना सांगितलं, हाक आली की आधी उठून बसायचं, पावलं हलवायची, दमानं उभं राहायचं. पाण्याला सुनेला धाडायचं.

निघताना त्या मुलीने सहज विचारलं, "अव्वा, अजून कुठली गोळी?" आजींनी मुलाकडे पाहिलं, मग सुपातल्या पानांखालून कागदाची पुडी काढली. आत कापलेली पट्टी, डायक्लोफिनॅक, दुखण्यावरची गोळी. विड्या वळून पाठ धरते म्हणून रोज एक, कोपऱ्यावरच्या दुकानातून. असल्या गोळीने बीपी चढतं. चढलं म्हणून बीपीची गोळी, उतरेना म्हणून दुसरी.

मुलाने पुडी हातात घेतली, परत आईच्या सुपात ठेवली आणि मला विचारलं, "मग पाठीला काय द्यायचं, मॅडम? अजून हजार विड्यांतल्या अर्ध्याच झाल्यात."